हजेरी

वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात
मस्टर माझ्याकडे असतं.
एका बाईला एक रकाना, एक सही.
सुगंधा गिरप, सोलणी विभाग, सातवी खुर्ची.

पहिल्या वर्षी मी तिच्यावर चिडायचे.
सोमवारची सही उजवीकडे झुकलेली,
गुरुवारची एकेक अक्षर गिरवून,
आणि शनिवारी तर पेन डाव्या हातात.
"नीट सही कर गो," मी म्हटलं.
तिने माझ्याकडे असं बघितलं
जसं पहिल्यांदाच बघतेय.
पहिल्यांदाच होतं ते. मला उशिरा कळलं.

बायका म्हणायच्या, झाड आहे.
वाडीने कौल लावला, कोंबा दिला,
एकाने मिरचीची धुरीही दिली.
त्या धुरीत नक्की कोण खोकत होतं
हे कोणी विचारलं नाही.

ओरोसच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.
अकरा महिने विचारत राहिल्या, मग आजाराचं नाव सांगितलं.
"ह्यां नाव तर माज्यापरास मोठां गो,"
सुगंधा मला म्हणाली, आणि हसली.
मग सुरी खाली ठेवून:
लहानपणी घरात जे होत होतं
ते एकटीने सोसण्यासारखं नव्हतं,
म्हणून ती एकटी राहिली नाही.
एवढंच. मी पुढचं विचारलं नाही.

आता आठच्या भोंग्याला ती दारात आली की
मी आधी हात बघते.
ओढणीचं टोक चावत असेल तर धाकटी.
तिला सुरी देत नाही, प्रतवारीला बसवते,
अख्खे एकीकडे, तुकडा दुसरीकडे,
तिच्याइतकी कोणाची नजर नाही.
डावखुरीला पाठीमागे भिंत लागते;
खुर्ची आधीच फिरवून ठेवते.
मधले दोन तास कुठे गेले ते आठवत नसेल
तर हळूच सांगते: मंगळवार, दहा वाजले,
चहा झाला, कोणी ओरडलं नाही.

मालक म्हणाले, एका बाईच्या तीन सह्या?
म्हटलं, काम पुरं होतंय, पगार एकच जातो.
मी खाडाखोड करणार नाही.

परवा बंदरावर भेटली, बांगड्याच्या वाट्यापाशी.
"वळाखलंस माका?"
आवाज चौथाच, जाडसर, जरा घाबरलेला.
"नाय," मी म्हटलं. खरं तेच.
"मी जयवंती. तुजा नाव
सांगूचा आसात तेव्हा सांग."

पाटीतलं बर्फाचं पाणी आमच्या पायांवर गळत होतं.
तिने नाव सांगितलं नाही.
वाटे मात्र दोन घेतले
आणि एक माझ्या पिशवीत टाकला.