उजवीकडची खुर्ची

कागल रस्त्याला, माळावर, जिथं पूर्वी मेंढरं बसायची
तिथं आता गोल्फ खेळतात.
आम्ही नऊजण प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, अर्धगोल,
छातीवर आपापली नावं चिकटवून
दहावीच्या निकालादिवशी असतात तसे गप्प.
जागा चार. आठवड्याला चार दिवस, सकाळी सहा ते दहा,
चेंडू गोळा करायचे, झेंडे पुसायचे,
साहेब लोकांना सांगायचं, चला, तुमची पाळी.

मुलगी पंचविशीची.
काका पण म्हणते आणि सर पण.
स्वतःबद्दल एका मिनिटात सांगा.
नेमगोंडा मगदूम, दूध संघात फॅट काढण्यात चौतीस वर्षं,
मिनिट संपलं तरी म्हशीवरच होता.
मुजावर, एसटीचा ड्रायव्हर,
गगनबावड्याच्या घाटात एकदाही ब्रेक फेल नाही.
"एकदा झाल्ता," मग तोच म्हणाला, "पण ते धरू नका."
हिंदुराव भोपळे फौंड्रीतला,
मनगटापर्यंत रसाचे पांढरे डाग, पेन्शन अठराशे त्रेचाळीस.
आकडा सांगितला त्यानं
आणि कोणी खोकलं पण नाही.

मी म्हटलं, पाणीपुरवठ्यातला. चावीवाला.
पहाटे उठून पेठेचं पाणी सोडायचं.
पेन्शन पुरतं मला. सकाळ सरत नाही.
अजून चारला जाग येते
आणि हातात चावी नसते.

ती हसली, काहीतरी लिहिलं.
म्हणाली, आता जरा मजेशीर प्रश्न :
तुमच्या उजवीकडच्या व्यक्तीपेक्षा
तुम्हालाच का निवडावं?

हे कुठलं मजेशीर.
मगदूम म्हणाला, "मग ह्यालाच घ्या की ओ, माझं काय."
भोपळे नुसते हात पुढं करून बसला.

माझ्या उजवीकडे शालन कांबळे.
सीपीआरला नर्स होती, बाळंतिणींच्या वॉर्डात.
आमच्याच पेठेतली. चढावरची शेवटची गल्ली.
शेवटची गल्ली म्हणजे लाईनचं टोक.
टोकाला पाणी चढायला किती वेळ लागतो
हे मला माहीत तेवढं कोणाला नाही,
आणि अकरा वर्षं साडेपाचची चावी
मी पाच-दहालाच फिरवत होतो,
खालच्या अंगाला एका नगरसेवकाची टाकी भरायची म्हणून.
वीस मिनिटं. टोकाच्या नळाला आठ घागरी.
मोजल्या होत्या मी. मोजून बंद करायचो.

तेवढ्यात मागं हिरवळीवर फवारे सुरू झाले,
चिक् चिक् चिक्, भर अकराला,
एवढ्या उन्हात कोण सोडतं पाणी.
एकाचा वॉशर गेलेला, आवाजावरनंच कळलं.

सर? मुलगी म्हणाली.
"नाही सांगता येत."
ते पण तिनं लिहून घेतलं.

परत येताना केएमटीत शेजारी जागा मिळाली, शालनबाई खिडकीला.
टेंबलाई नाका येईपर्यंत काही नाही.
मग बाहेर बघतच :
"चेहरा नव्हता ओळखला. पाठ ओळखली, तुम्ही गेटकडं चालला तेव्हा.
दुधाला जाताना दिसायची, खड्ड्यात वाकलेली.
घरी येईस्तोवर नळ सूं सूं करायचा."

मी पुढच्या सीटचा दांडा धरला.

"खरं सांगा आता. किती वाजता बंद करत होता?"

"पाच-दहा."

बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत राहिली ती,
नाडी बघतात तशी, ओठ न हलवता.
ताराराणी चौक गेला.
स्टँडला अर्धी गाडी रिकामी झाली,
आम्ही दोघं तिथंच, खेटून,
दुसरीकडं बसायला जागा असताना.

दसरा चौकात ती उठली, पिशवी काखेत मारली.
"दोनदा दुरुस्तीला टाकलं होतं," म्हणाली,
"मी आमचं घड्याळ."