अकरा हजार बासष्ट

पत्त्यांच्या कॅटमधल्या एका पानाएवढा तो,
हिरवा, वर चाळीस टाचण्या दोन रांगांत उभ्या.
दानिलो म्हणाला, मावशी, यात अख्खा संगणक आहे,
आणि प्वेर्तो मोंतची बस धरून निघून गेला.
अख्खाच आहे. तेच तर.
अर्धा असता तर निभावलं असतं.

मला हवं होतं एवढंच:
खाडीत, शिणाण्यांच्या दोरांपाशी, तीन वाव खोल
पाणी रात्री किती गार होतं ते कळावं.
यंदा दोरांना बी धरलं नाही.
एदुविना म्हणते पाणी गरम झालंय, तिचा दीर म्हणतो थंड.
दोघंही बोट बुडवून सांगतात.

पहिली रात्र कार्ड भरण्यात गेली.
दुसरी पासवर्डमध्ये:
मी टाइप करतेय आणि पडद्यावर काहीच उमटत नाही,
ठिपका नाही, चांदणी नाही.
मला वाटलं, कीबोर्ड मेला.
आपटून आपटून बोट दुखलं,
आणि तो सगळं ऐकत होता, ढिम्म,
बँकेच्या काचेमागच्या बाईसारखा.

पुस्तिकेत पानोपानी ‘फक्त’ आहे.
फक्त ही ओळ लिहा. फक्त कर्नलला कळवा.
हा कर्नल कोण, कुठे बसतो,
कोणत्या वारी भेटतो, ते नाही.
एक शब्द उचलावा तर खाली तीन चिकटलेले,
त्या तिघांना आणखी नऊ,
शिणाण्यांसारखेच, केसाळ धाग्यांनी.
पण शिणाणे निदान बादलीत मावतात.

सातव्या टाचणीचं नाव चार.
मी तीनदा मोजलं, चष्मा पुसून.
मग कुठेतरी कोपऱ्यात वाचलं:
बाहेरून मोजायचा आकडा वेगळा, आतला वेगळा.
बरं. आमच्या खडकाचंही तसंच.
नौदलाच्या नकाशात तो एक संत आहे,
आम्ही त्याला बोडका म्हणतो,
आणि बोट दोन्ही नावांवर फुटते.

शुक्रवारी त्यानं लिहिलं: परवानगी नाही.
मला. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या विजेवर.
मी नोल्फा बार्रिआ, बावन्न वर्षांची,
भर समुद्रात अंधारात इंजिन उघडून
वॉशर जिभेवर धरून पुन्हा बसवलाय मी.
आणि हे पत्त्याचं पान.
मी चुलीत दोन ओंडके जास्तीचे सारले
आणि रडले, तेही हळूच,
कारण फळ्यांच्या भिंतीतून एदुविनाला सगळं ऐकू जातं.

बिस्किटांच्या डब्यात तो नऊ दिवस होता.

दहाव्या दिवशी काय झालं, सांगता येत नाही.
ओहोटी होती, घराखाली चिखल उघडा पडलेला,
मला झोप नव्हती, आणि पिठाची रिकामी पिशवी समोर होती.
तिच्यावर पेन्सिलीनं लिहीत गेले
काय काय मी शिकणार नाही आहे.
नेटवर्क नाही. कॅमेरा नाही. कर्नल, माफ करा, तुम्हीही नाही.
पिशवी भरली. उलटी करून लिहिलं.
शेवटी उरली एक तार,
तिच्या टोकाला बुडवायची कांडी,
आणि सातवी, ऊर्फ चौथी.

बादलीत खाडीचं पाणी आणलं.
पंच्याऐंशी हजार, तो म्हणाला.
म्हणजे समुद्र उकळून वाफ होऊन गेलेला.
तार काढली, फुंकर मारली, पुन्हा खोचली.
अकरा हजार बासष्ट.
शिवी ओठांवर आली होती माझ्या,
तेवढ्यात हात आपसूक पिशवीकडे गेला
आणि अकरानंतर एक टिंब दिलं.

अकरा. टिंब. शून्य सहा दोन.

कुणी पाहत नाही असं बघून
मी बोट बुडवलं बादलीत.

वीज गेली की तो आपोआप उठत नाही, हे मला माहीत आहे.
उठवायचं कसं, ते पुढच्या पानावर आहे,
आणि तिथेही ‘फक्त’ असणार.

किती? भिंतीपलीकडून एदुविना.
मी दचकले. अकरा, म्हणाले. वर थोडं.
म्हणजे गरम की थंड?
ते अजून कळलं नाही गं, मी म्हणाले.
उद्याचं येऊ दे.