तिसऱ्या कुंडीखाली किल्ली

किल्ली तिसऱ्या कुंडीखाली आहे, हे मी चारदा कळवलं होतं.
फाटकापासून मोजा, हेही.
तरी वाउटर रात्री पावणेअकराला माझ्या दारात,
हातात पहिली कुंडी,
मागे बायको, तिच्या मागे
गावजेवणाला आल्यासारख्या पाच बॅगा.
कुंडी घेतली. किल्ली दिली.
चुलीवरचं सूप तोवर तळाला लागलं.

पिको बेटावर पाणी आभाळातून येतं,
छपरावरून पन्हळीत, पन्हळीतून टाकीत,
आणि माझी टाकी म्हणजे काही अटलांटिक नव्हे.
न्हाणीघरात पाच भाषांत चिकटवलंय,
खाली रडणारा थेंब, भाच्याने काढलेला.
पालथ्या घड्यावर पाणी,
तेही माझ्याच टाकीतलं.

लोक वाईट नसतात. लोक सुट्टीवर असतात.
एकीने विचारलं, डोंगरावरचा ढग किती वाजता काढता?
एकाने चहाच्या किटलीत खेकडे उकडले.
एका म्हाताऱ्या जोडप्याने आठ दिवस गार पाण्याने अंघोळ केली
आणि निघताना माफी मागितली,
गरम नळ कोणता, हे विचारायचा धीर झाला नाही म्हणून.
ते दोघं आठवले की अजून मला रात्री जाग येते.

दुसऱ्या सकाळी वाउटर कुंपणाशी:
कुणाचं तरी बाळ रात्रभर रडतंय, देओलिंदाबाई,
पोलिसांना कळवू का?
मी म्हटलं, बाळ नव्हे, कागार्रू.
दिवसभर समुद्रावर, अंधार पडला की कड्यावर घरी,
आणि घरी आले की नाकात भांडतात,
आमचा आमादेऊ जिवंत होता तेव्हा आम्ही भांडायचो तसे.
त्याने विचारलं, बंद कधी होतात?
मी म्हटलं, नोव्हेंबरात.
त्याने फोनमध्ये नोंद केली.

पाचव्या रात्री पुन्हा दारावर थाप.
मनात म्हटलं, आता कुठली कुंडी?
वाउटर अनवाणी, शर्टाला रक्त,
छातीशी इल्दाच्या लग्नातला टॉवेल,
भरतकामाचा, कुलपात ठेवलेला.
तिसरी कुंडी न सापडलेल्या माणसाला
त्या कपाटाची किल्ली मात्र सापडली होती.
तोंड उघडणार, तेवढ्यात टॉवेलने मला चोच मारली.

पिल्लू. पहिल्यांदाच उडालेलं,
रस्त्यावरच्या दिव्याला चंद्र समजून खाली पडलेलं.
खोका आणला, भोकं पाडली.
खायला देऊ नकोस, म्हटलं, पाणी नको, लाड नकोत.
रात्रभर तो खोक्याशेजारी बसला, माझ्या स्वयंपाकघरात,
आणि बाहेरच्या कड्यावरून बाळं रडत राहिली,
त्याने एकदाही कान झाकले नाहीत.

सकाळी काळ्या खडकांवर त्याने खोका उघडला.
पिल्लू बराच वेळ काही करेना.
मग गेलं.
वाउटर तिथेच उभा. टॉवेलवर शिटलेलं,
आणि तो मला म्हणतो, हा धुताना पाणी जपून वापरेन.

जाताना तीन तारे दिले.
यजमान प्रेमळ, कपाटे प्रशस्त, रात्री आवाज फार.
मी एवढी हसले
की शेजारची ओर्तेंसिया खिडकीत आली.

घर इल्दाचं, माझ्या बहिणीचं.
ती टोरांटोला गेली त्याला एकतीस वर्षं झाली.
भाडं तिचं, पन्हळी माझ्या.
त्या रात्री तिचा फोन आला,
टॉवेलचं कसं सांगावं, मी शब्द जुळवत होते,
खिडकी उघडी, हंगामातले शेवटचे काही कड्यावर भांडत होते.
ती मध्येच थांबली.
म्हणाली, अगं, कुणाचं बाळ रडतंय?

वाउटरला मी सगळं सांगितलं होतं,
कडा, समुद्र, नवराबायको.
शेजारचं, म्हटलं. दात येतायत.
आणि खिडकी लावून घेतली.