उलटी बाही

वाशीच्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेत
आगीच्या वेळी पळायचं दार आहे,
त्याला खेटून माझी दोन बाय दोन मीटर जागा.
तीन दिवसांच्या भाड्यात
घणसोलीतली खोली पाच महिने मिळते,
हा हिशेब आईला सांगितलेला नाही.

गळ्यातल्या बिल्ल्यावर ठोंबरेचं थोम्बरे झालंय.
काउंटरवरची मुलगी म्हणाली,
मॅडम, वाचता येतंय ना?

अकरा शर्ट. मोजून अकरा.
त्यांवर खारफुटीची मुळं,
चिखलातून बोटं वर काढून श्वास घेणारी.
रबाळ्याच्या गाळ्यात स्क्रीन धरून
मीटर न् मीटर मीच ओढलेली.

समोर सुरतवाल्यांचा मंडप.
चहा, खारी, थंड हवा,
आणि डोकं नसलेल्या चौदा बायका
एकाच बाजूला कंबर काढून उभ्या.
माझ्याकडे एक स्टँड, तोही ऑल्विनचा.
ऑल्विन निर्मळहून येतो, मातीची बटणं करतो.
सकाळपासून सतरा जणांना त्याने सांगितलंय
की ही खायची वस्तू नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी,
पाय सुजल्यावर, हसू वाळल्यावर,
इंदूरच्या छाजेडबाई आल्या.
कार्ड मागितलं नाही, फोटो काढला नाही.
शर्ट उलटा केला
आणि भेंडीचं शेपूट मोडून बघावं
तशी शिलाई ताणून बघितली.
एक. दोन. पाच.
मग सगळ्यात मागे हात घातला,
जिथे मी सातवा लपवला होता.

सातव्याची डावी बाही उलटी आहे.
त्या रात्री वीज गेली, सकाळी माल न्यायचा,
इस्माईल मास्तरांनी मोबाईलच्या उजेडात बाही जोडली,
कापडाची मागची बाजू पुढे.
उजाडल्यावर बघितलं आणि टेप गळ्यातून काढून ठेवली.
उसवलं असतं तर भोकं दिसली असती.

हे, बाई म्हणाल्या.
हे कसं सुचलं?

मी बघितलं तेव्हा पहिल्यांदाच नीट बघितलं:
अंगभर काळी ठसठशीत मुळं
आणि त्या एका हातावर फक्त झिरपलेला रंग,
पाणी उतरल्यावर खाडी दिसते तसा.
खरं सांगायला तोंड उघडलं
तोवर ऑल्विनने माझ्या पायावर पाय दिला.
फार दिवसांचं काम आहे तिचं, म्हणाला.

पाचशे. तीन मापांत.
अक्षय्य तृतीयेच्या आत.

दाराबाहेर जाऊन फोन लावला.
मास्तर, पाचशे. डावी बाही उलटी.
पलीकडे मशीन थांबली.
ती चूक होती, ताई.
हो.
मग पाचशे वेळा कशी होणार?
एकदा कळल्यावर हात सरळच जातो.
मी काही बोलले नाही.
हायवेवरून ट्रक गेला, मसाला मार्केटचा,
मिरचीने डोळे भरले, म्हणजे मिरचीनेच.
बरं, ते म्हणाले,
पण चुकीची मजुरी वेगळी लावीन.
सरळ बाहीपेक्षा जास्त.

आत आले. बाईंना सांगितलं:
वीज गेली होती.
ऑल्विनने कपाळावर हात मारला.
बाई जरा वेळ बाही बघत राहिल्या,
मग भाव चाळीस रुपयांनी पाडून म्हणाल्या,
आमच्याकडेही जाते.

चाळीस. सत्याची किंमत, नगामागे.
मी वीसवर आणली.

ऑर्डरच्या कागदावर एक रकाना होता, डिझायनर.
बिल्ला उलटा करून ठेवला
आणि आधी इस्माईल परकार लिहिलं,
मग स्वल्पविराम, मग मी.
रकाना एकाच नावाच्या मापाचा.
दाटीवाटी करूनही
माझ्या ठोंबरेतला रे
रेघेबाहेर लोंबत राहिला.