भांग

सिरिंजमधलं तेल रेघेवर टेकेपर्यंत
मी श्वास घेत नाही.
पाठीमागे हमूद उभा, पोलीस खात्याचा.
दुसरी किल्ली त्याच्याकडे.
दोन किल्ल्यांशिवाय हे कपाट उघडत नाही,
दोन सह्यांशिवाय मिटतही नाही.
मस्कतच्या विमानतळावर ही खोकी अकरा दिवस पडून होती,
बाटलीवर पानाचं चित्रसुद्धा नसताना.

परतवाड्याला बाबा अबकारीत शिपाई होते.
मालखान्यात जप्तीची पोती मोजायचे.
वर्षागणिक पोती हलकी व्हायची
आणि साहेब सांगतील तसं, सुवाच्य अक्षरात,
बाबा वहीत लिहायचे: उंदीर.
आम्हा भावंडांना खरंच वाटायचं
की आमच्या गावचे उंदीर फार सुखी आहेत.

माझ्या वहीत चौसष्ट मुलं. नावांच्या जागी आकडे.
निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं तिळाचं तेल,
स्ट्रॉबेरीचा तोच वास, तोच पिवळा रंग.
कुणाला काय, मला ठाऊक नाही, डॉक्टर लमियांनाही नाही.
आंधळी कोशिंबीर,
फक्त इथे सगळ्यांच्याच डोळ्यांवर पट्टी
आणि ज्याला पकडायचं तो झटका
पहाटे चारला येतो, मुलाच्या पापणीतून.

सतरा नंबर सूरहून येते.
सूर हे गाव आहे, समुद्राकाठचं, दोनशे किलोमीटरवर.
गाडी आई चालवते, थुरैया.
मागे शम्सा, सहा वर्षांची, डोक्याला मऊ हेल्मेट.
थुरैया झटके आकड्यांनी लिहीत नाही,
प्रत्येकाची एक छोटी होडी काढते.
पहिल्या महिन्यात एकशे बारा होड्या.
तिसऱ्यात अडुसष्ट.
मी दोनदा मोजल्या, बोट ठेवून,
आणि बंदर रिकामं होताना पाहून हरखायचं नाही
असं कुठल्याच नियमात नसूनही
हरखले नाही.

वापरलेल्या बाटल्या परत घ्याव्या लागतात.
तळाचं उरलेलं मोजायचं, थेंब न् थेंब.
चौथ्या महिन्यात चौदा मिलिलिटर कमी भरलं.
हमूद बाहेर फोनवर होता.
थुरैया म्हणाली, शेजारी एक मुलगा आहे.
त्याचं वय तुमच्या कागदात बसलं नाही.
एवढंच. नजर खाली नाही, आवाज खाली नाही.

या देशात चौदा मिलिलिटर म्हणजे काय,
तिलाही माहीत, मलाही.
मी पेनाचं टोपण काढलं.
बाबांचं अक्षर माझ्या हातात उतरलं, तसंच, टपोरं:
सांडलं.

फेब्रुवारीत लिफाफे उघडले.
सतरा नंबर: तिळाचं तेल.

म्हणजे चार महिने तिने लेकीला तेल पाजलं,
भिंतीपलीकडे चोरून दिलं तेही तेल,
आणि मी खोटं लिहिलं ते
कोपऱ्यावरच्या दुकानात काही बैशांना मिळणाऱ्या वस्तूसाठी.
मग त्या चव्वेचाळीस होड्या कुठे गेल्या?
डॉक्टर लमिया म्हणाल्या, असं होतं.
आशेचाही एक आकडा येतो, तो वजा करायचा असतो.
त्यांनी फळ्यावर करून दाखवलं.
मला वजाबाकी येते.
ही आली नाही.

आता सगळ्यांना खरं औषध.
आज शम्साचा पहिला डोस, आणि त्याआधी मेंदूचा आलेख.
मी कंगव्याच्या टोकाने तिचे केस दुभागते,
कपाळापासून टाळूवरून मागे,
मग कानापासून कानापर्यंत.
रेघेवर गोंद, गोंदावर तार. एकवीस तारा.
शेजारचा मुलगा, मी हळूच विचारते.
बरा आहे म्हणते त्याची आई, थुरैया सांगते,
पण तिच्याकडे वही नाही.

शम्सा आरशात बघते.
थुरैया तिच्या डोक्यावरून बोट फिरवत विचारते,
तुमच्या भाषेत हिला काय म्हणतात,
केसांतल्या या वाटेला?

दारात हमूद, हातात किल्ली.

रेघ, मी म्हणाले.
नुसती रेघ.