दुरुस्ती

खाली मासळीचं दुकान, वर आमचं ऑफिस.
ब्रिजपोर्ट, कनेक्टिकट. पंचावन्न सालचा हिवाळा.
ऑर्विल चित्रं काढायचा,
मी फुग्यांत अक्षरं भरायचे, बोटमोजे घालून.

एक महावीर होता, निळा झगा, छातीवर वीज,
सगळा देश त्याच्याकडे मान वर करून बघायचा.
तो उडायचा.
आम्ही त्याची उडवायचो, दहा सेंटांत.

मूळ अंकात तो भिंत फोडून आत येतो.
आमच्यातही येतो,
फक्त त्याच्यामागून घरमालक येतो, चपला फटकारत.
एकदा झगा अडकला बँकेच्या फिरत्या दारात;
सोडवायला दरोडेखोरच थांबले बिचारे,
आणि म्हणून सापडले.

त्यांचं 'धडाम' पानभर, लालभडक.
मी माझं लिहायचे बारीक,
चर्चमध्ये शिंक दाबावी तसं,
आणि खाली हिशेब:
काच एक, तीन डॉलर चाळीस सेंट.
मजुरी वेगळी.

मग वकिलांचं पत्र आलं.
नायकाच्या प्रतिष्ठेला म्हणे तडा गेला.
ऑर्विलनं ते संडासाच्या दारावर डकवलं.
स्पेलिंगच्या तीन चुका होत्या,
त्या मी लाल पेन्सिलीनं घेरल्या.
सवय.

दुसरं पत्र टोलेडोहून,
चौकोनी, ठाशीव अक्षरात.
अक्षर बघूनच कळलं, माणूस आमच्यातला.

'तुमच्या नायकाला पहिल्यांदा मी उडवला.
साठ डॉलरला विकला, उडण्यासकट.
अंकावर नाव कधी आलं नाही, ते असो.
हल्ली मी काचा बसवतो, दुकानांच्या.
झग्याच्या चुण्या तुम्हाला बरोबर जमल्यात,
तिकडे आता पत्रा काढतात, पत्रा.
पण काचेचा भाव चुकलाय.
तेवढ्या मापाची तीन चाळीसला येत नाही.
चार पंच्याऐंशी करा.
आपला, एमरिक वास्को.'

ऑर्विल सगळ्याला हसायचा,
स्वतःच्या बापाच्या मयतीतही हसला होता.
पत्र त्यानं दोनदा वाचलं
आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला.
खाली कुणीतरी बर्फ फोडत होतं, माशांवर घालायला.

पुढच्या अंकाचं पान टेबलावर होतं.
मी पातं घेतलं,
तीन चाळीस अलगद खरवडलं,
वाळू दिलं,
लिहिलं: चार पंच्याऐंशी.
मजुरी वेगळी.

'धडाम'ला हात लावला नाही.