घडी

एकूण अकरा आहेत.
बिस्किटांच्या चौकोनी डब्यात, जुन्या सदऱ्यांच्या फडक्यांत,
पात्याला पातं लागू देत नाही मी.
रविवारी सून देवपूजा करते,
मी ओट्यावर वर्तमानपत्र पसरतो.

आधी खीळ. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, दुसरा नाही.
दुसरा थेंब धूळ बोलावतो,
आणि धुळ्यात धुळीला आमंत्रण लागत नाही.
मग कमान. मग पातं, ओल्या दगडावर,
पुढे नेताना श्वास सोडत.
पाचकंदिलाच्या गफूरने शिकवलं हे,
डेपोत बोल्ट पिळून आलेल्या माझ्या हातांना:
जोर नको लावू, वजन दे.

हा पितळी मुठीचा, नागपूरच्या ट्रकच्या क्लीनरकडून,
दोन चहा आणि एका बनियनच्या बदल्यात.
हा शिंगाचा, टोक तुटलेला;
भटूमामाने याने रेडिओ उघडला होता.
(रेडिओ पुन्हा लागला नाही. मामाने चाकूला दोष दिला.)
हा नंदुरबारचा, मिरच्यांच्या पोत्यांमागे सापडलेला,
अजून उघडला की शिंक येते.
हा परदेशी, लाल, दात कोरायच्या काडीसकट.
जावयाने आणला. सुंदर आहे. डब्यातच असतो.

खिशात एकच.
अंजनाच्या लाकडाची मूठ, चार बोटं पातं.
बायको होती तोवर उजव्या खिशाला
दुहेरी अस्तर असायचं त्याच्यासाठी.
सारंगखेड्याच्या यात्रेत बापाने घेतला,
घोडा परवडला नाही म्हणून चाकूंची जोडी.
एक मला, एक हिलालला.
हातात दिले नाहीत, घोंगडीवर ठेवले.
"उचला. हातमा दिधा ते भाऊ-भाऊ भांडतस."
आम्ही उचलले होते.
नीट, एकेक करून.
तरी.

मंगळवारी कोर्टाच्या दारात खिसे तपासले.
मी चाकू ट्रेमध्ये ठेवला.
मागून अजून एक हात आला, डावा,
अंगठ्याचं नख मुळापासून गेलेला.
माझ्या पाइपलाइनच्या केसमधला सामनेवाला.
"हाऊ कोना शे, नि हाऊ कोना?" हवालदार म्हणाला.
दोघंही बोललो नाही.
चिठ्ठी सतरा, चिठ्ठी अठरा.
आत तारीख पडली, बाहेर ऊन.

घरी आलो. चाकू उघडेना.
म्हणजे हा माझा नाही.

रविवारपर्यंत थांबलो नाही.
टाचणीने मुठीची खाच कोरली:
कांद्याचं साल, पेरूची एक बी,
पीव्हीसी पाइपचा पांढरा कीस
(वकिलाला दाखवला तर पुरावा म्हणेल),
आणि चंदेरी पत्र्याचा एवढासा कपचा,
गोळ्यांच्या पाकिटाचा,
त्यावर निळ्या छापील अक्षराची शेपटी.
हिलालला नख नाही.
गोळी चाकूनेच फोडत असणार.
कुठली गोळी? रोज घेतो?
कधीपासून?
कपचा वर्तमानपत्रावर बाजूला ठेवला,
पंखा बंद केला.

धार एकाच अंगाने झिजलेली, डावखुऱ्याची.
गफूरने पाहिली असती तर शिव्या दिल्या असत्या.
सरळ करायला दगड भिजवला,
दोन हात फिरवले, आणि थांबलो.
सरळ केली तर त्याच्या हाताला चालायची नाही.
मग तशीच, वाकडीच, लावली.
खिळीत तेलाचा एक थेंब.
जरा वेळाने दुसराही.

पुढची तारीख बावीसची.
बाकावर ठेवीन, उचलेल तो.
तोवर खिशात आहे; वजन तेवढंच, मूठही तीच.
फक्त बसताना मांडीला लागतो.
माझा लागत नसे.